तीन निगेटिव्ह

अब्बांनी गल्लीत पेढे वाटले तो दिवस आम्ही बहिणी विसरू शकत नाही. 2016 सालचा पावसाळा होता. पंधरा दिवसांपूर्वी मुंबईत अम्मीच्या छातीतल्या गाठीचा तुकडा काढून तपासला होता आणि डॉक्टरांनी कॅन्सरचा शब्द उच्चारला होता. गाठीच्या पुढच्या तपासण्या व्हायच्या होत्या. तो दुसरा रिपोर्ट आणायला भाईजान गेला होता. परळच्या एस.टी. डेपोतून त्यानं फोन केला. म्हणाला, "अब्बा, तीन टेस्ट होत्या. तिन्ही निगेटिव्ह आल्या."

घरात एकच गलका झाला. निगेटिव्ह म्हणजे नाही. कावीळ निगेटिव्ह, मलेरिया निगेटिव्ह, तसंच हेही. पहिला रिपोर्ट चुकला असणार. अब्बांनी बाजारातून दोन किलो पेढे आणले, दारोदार पाठवले. अम्मी शुक्राना पढून उठली आणि कित्येक दिवसांनी चुलीपाशी बसली. आमच्यातली एक बी.एड. आहे, उर्दू माध्यमाच्या शाळेत पोरांना सायन्स शिकवते. तिनंही पेढा खाल्ला.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी समजावून सांगितलं, तेव्हा त्या पेढ्यांची चव तोंडात कडू झाली.

हे लिहिताना आम्ही 'मी' म्हणायचं नाही असं ठरवलं आहे. आम्ही तिघी बहिणी आहोत. लिहिणारी मधली, पण बोलणाऱ्या तिघी. असं का, ते पुढं कळेल.

आमचं गाव रायगड जिल्ह्यात, खाडीच्या काठी. घरटी एक माणूस आखातात. बायका शिकलेल्या, पण अंगावरच्या दुखण्याबद्दल बोलायचं म्हटलं की सगळ्या मुक्या. अम्मीनं ती गाठ आठ महिने लपवली. कपडे बदलताना दाराला कडी, आंघोळीला आधी नंबर. शेवटी दुपट्टा सतत एकाच बाजूला घेते आहे हे बाजीच्या ध्यानात आलं. तालुक्याच्या गावी एका डॉक्टरला दाखवलं. त्यांनी हात न लावता सांगितलं, "चरबीची गाठ आहे, वयानं होते." अम्मीला तेच हवं होतं. परपुरुषासमोर उघडं व्हावं लागलं नाही याचाच तिला आनंद. त्यात आणखी दोन महिने गेले.

आम्हांला त्या आठ-दहा महिन्यांचा राग होता. अम्मीवर होता, त्या डॉक्टरवर होता आणि स्वतःवरही होता. पण नुसत्या उशिरानं सगळ्याचा उलगडा होत नव्हता. कारण त्याच वर्षी आमच्या कोपऱ्यावरच्या चाचींनाही छातीत गाठ निघाली. चाची एकसष्ट वर्षांच्या, अम्मी एकोणपन्नासची. चाचींनी तर ती गाठ दोन वर्षं अंगावर काढली होती. तरी त्यांचं ऑपरेशन झालं, शेक दिला गेला, आणि रोज एक गोळी घेऊन त्या घरी परत मासळी साफ करायला बसल्या. डोक्यावरचा एक केस गळला नाही. अम्मीला मात्र आधी केमो, मग ऑपरेशन, मग शेक. भुवयासुद्धा गेल्या. बायका विचारायला येत. "नाव एकच, कॅन्सर. मग तुमच्या अम्मीलाच एवढं का?" कुणी नजर म्हणे, कुणी करणी. एकीनं तर अम्मीच्या नमाजात खोट काढली.

याच प्रश्नाचा आम्ही पिच्छा पुरवला. हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसायला वेळ पुष्कळ होता. रिपोर्ट हातात होता, आणि आमच्यातल्या सायन्सवालीला पेढ्याचं प्रायश्चित्त घ्यायचं होतं.

त्या तीन निगेटिव्हचा अर्थ आधी सांगतो. छातीच्या कॅन्सरची पेशी कशाच्या जोरावर वाढते, हे पाहण्यासाठी तीन खुणा तपासतात. पहिल्या दोन, ई.आर. आणि पी.आर. म्हणजे बाईच्या शरीरातल्या दोन संप्रेरकांना दार उघडणाऱ्या कड्या. त्या असल्या तर संप्रेरक अडवणारी गोळी लागू पडते. चाचींना मिळाली ती हीच. तिसरी खूण हर-टू. ती असली तर तिच्यावर चालणारं वेगळं इंजेक्शन आहे, 1998 पासून वापरात आहे. तिन्ही निगेटिव्ह म्हणजे कॅन्सर नाही असं नव्हे. या तिन्ही वाटांनी जाणारी औषधं तिथं चालणार नाहीत, असा त्याचा अर्थ. आपल्या देशात अशा गाठींचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आढळतं.

त्याच कागदावर वर लिहिलं होतं, ग्रेड 3. आम्हांला वाटलं तिसरी स्टेज. तेही चूक. गाठ किती मोठी झाली, कुठवर पसरली, ती स्टेज. पेशी दिसायला-वागायला किती बिघडली, तो ग्रेड. ग्रेड देण्याची रीत आम्हां मास्तरणींना लगेच कळली, कारण ती पेपर तपासण्यासारखीच आहे. 1991 साली इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमच्या दोन डॉक्टरांनी नीट बसवून दिलेली ही पद्धत आज जगभर चालते. सूक्ष्मदर्शकाखाली तीन प्रश्न. एक, निरोगी छातीत पेशी नळीसारख्या गोल रांगेत बसतात, तशी रांग कितपत टिकली आहे? दोन, पेशीची केंद्रकं एकसारखी आहेत की कुणी लहान, कुणी राक्षसी? तीन, एका वेळी किती पेशी दुभंगताना दिसतात? प्रत्येक प्रश्नाला एक ते तीन गुण. बेरीज तीन ते पाच आली तर ग्रेड 1, सहा-सातला ग्रेड 2, आठ-नऊला ग्रेड 3. आमच्या शाळेत जास्त गुणांना शाबासकी मिळते, इथं उलटं. अम्मीला नऊपैकी नऊ होते. चाचींना पाच.

पण रांग मोडते का? केंद्रक फुगतं का? इथं आम्हांला आमच्या शाळेतल्या वह्याच कामी आल्या.

उर्दू शिकवणाऱ्याला नुक्त्याची किंमत सांगावी लागत नाही. 'दुआ' लिहायला जावं आणि एक नुक्ता जास्त पडावा, की त्याचं 'दग़ा' होतं. प्रत्येक पेशीत अशा छेचाळीस वह्या असतात, तेवीस आईकडून, तेवीस बापाकडून. त्यांना गुणसूत्रं म्हणतात. तेवीस वह्यांच्या एका संचात सुमारे 3 अब्ज अक्षरं. पेशीनं दुभंगायचं म्हणजे आधी या सगळ्या वह्या उतरवून काढायच्या आणि दोन्ही लेकींना एकेक पुरा संच द्यायचा. एवढ्या लिखाणात नुक्ता चुकणारच. म्हणून शरीरानं तपासनीस नेमले आहेत. एक अक्षर दुरुस्त करतो, एक फाटलेलं पान सांधतो. पी-53 नावाचा एक हेडमास्तर आहे, तो वही दुरुस्त होईपर्यंत पुढचं लिखाण थांबवतो, आणि दुरुस्त होतच नसेल तर ती पेशी संपवून टाकतो.

निव्वळ एक नुक्ता चुकला म्हणून कॅन्सर होत नाही. खरा घात होतो तो तपासनीसच गेला तर. मग प्रत्येक वेळी उतरवताना नवी चूक, जुनी तशीच. वह्या फाटतात, एका वहीचं पान दुसरीला चिकटतं, कुणाला एकाच वहीच्या तीन प्रती मिळतात, कुणाला एकही नाही. शास्त्रज्ञ याला जनुकीय अस्थिरता म्हणतात. थिओडोर बोव्हेरी नावाच्या जर्मन संशोधकानं समुद्रातल्या एका काटेरी प्राण्याच्या अंड्यांचा अभ्यास करताना पाहिलं, की गुणसूत्रांची वाटणी चुकली की वाढच वेडीवाकडी होते. त्यावरून 1914 साली त्यानं लिहून ठेवलं की कॅन्सरच्या मुळाशी हीच चुकलेली वाटणी असावी. तेव्हा जनुक कशाचं बनलेलं असतं हेसुद्धा कुणाला ठाऊक नव्हतं.

आता चाची आणि अम्मी शेजारी शेजारी ठेवून पाहा. चाचींसारख्या ग्रेड 1 च्या गाठीत वह्या बहुतांशी शाबूत असतात. ठरावीक एक-दोन बदल दिसतात. पहिल्या क्रमांकाच्या गुणसूत्राचा एक भाग वाढलेला, सोळाव्याचा एक भाग गेलेला. पेशीला आपण छातीची पेशी आहोत याची आठवण असते. ती रांगेत बसते, संप्रेरकाची हाक ऐकते, म्हणून गोळीनं आवरते. अम्मीसारख्या गाठीत वह्यांचा चुराडा झालेला असतो. कमीजास्त गुणसूत्रं कोंबल्यामुळं केंद्रकं वेडीवाकडी फुगतात. हेडमास्तरही बहुधा गेलेला असतो, त्यामुळं दुभंगणं थांबतच नाही. अम्मीच्या रिपोर्टात की-67 म्हणून एक आकडा होता, 80 टक्के. म्हणजे शंभरातल्या ऐंशी पेशी वाढीच्या घाईत. संप्रेरकाच्या कड्यासुद्धा हरवलेल्या. ग्रेड 3, तीन निगेटिव्ह, ऐंशी टक्के, या वेगवेगळ्या आफती नव्हत्या. एकाच मोडलेल्या दुरुस्तीच्या त्या खुणा होत्या. आणि चाचींची गाठ दोन वर्षं राहिली असती तर अम्मीसारखी झाली असती, असंही सहसा होत नाही. दोघींच्या वाटा बहुधा पहिल्यापासूनच निराळ्या.

हे कळलं त्या दिवशी आम्ही बाकड्यावर बसून रडलो. अम्मीच्या नमाजात खोट नव्हती. तिच्या आठ महिन्यांनी नुकसान केलं, हे खरं. लहान असताना गाठ सापडती तर सोपं गेलं असतं. पण गाठीचा स्वभाव अम्मीच्या लपवण्यानं बनला नव्हता.

उर्दूत या रोगाला सरतान म्हणतात, मराठीत कर्करोग. दोन्हींचा अर्थ खेकडा. आमच्या खाडीत खेकड्यांचे प्रकार पुष्कळ. एकाला पोरं हातात धरून खेळतात, दुसरा बोट तोडतो. बायकांना आम्ही एवढंच सांगू लागलो. नाव एक, जात निराळी. दुसरीच्या दुखण्यावरून आपलं मापू नका.

मग डॉक्टरांनी अम्मीला विचारलं, "घरात आणखी कुणाला?" अम्मी म्हणाली, "कुणाला नाही." तिची सख्खी धाकटी बहीण, आमच्या खालाजान, अडतिसाव्या वर्षी गेल्या होत्या. घरात सांगत, पोटात पाणी झालं. खरं काय होतं ते अम्मीला ठाऊक होतं, पण तेवढ्या वर्षांत कुणी तो शब्द काढला नव्हता. त्या दिवशी तिनं तो काढला. दोन वर्षांनी, 2018 साली, जनुकांचा सल्ला देणाऱ्या बाईंनी आमच्यासमोर कागदावर खानदानाचं झाड काढलं. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, आजारी असेल तर आतून काळं. अम्मीचं वर्तुळ काळं, खालाजानचं काळं. त्यांच्या वर नानांचा चौकोन कोरा. नाना ऐंशी वर्षांचे होऊन, खोबरं फोडत गेले. नानांच्या शेजारी त्यांच्या बहिणीचं वर्तुळ. ती लग्न होऊन केप टाऊनला गेली होती. आपल्या कोकणातली कितीतरी घरं त्या काळी तिकडं गेली. ती तिकडं तरुणपणीच गेल्याचं पत्र आलं होतं, त्यात 'छातीचं दुखणं' एवढेच शब्द. तेही वर्तुळ काळं झालं.

अम्मीच्या रक्ताची तपासणी झाली. तपासनिसाचं नाव सापडलं, ब्राका-1. सतराव्या गुणसूत्रावर राहतो. मेरी-क्लेअर किंग या अमेरिकन बाईनं कित्येक कुटुंबांची अशीच झाडं तपासून 1990 साली त्याचा पत्ता सांगितला. तोवर एवढ्या वेगवेगळ्या कॅन्सरामागं एका जनुकाचा हात असेल हे पुष्कळांना पटतच नव्हतं. त्याचं काम ऐकून आम्ही तिघी एकमेकींकडं पाहत राहिलो. वहीचं पान आरपार फाटलं, की नुकतीच उतरवलेली जुळी प्रत समोर ठेवून ते पान जसंच्या तसं पुन्हा लिहायला हा तपासनीस मदत करतो. त्या जुळ्या प्रतीला शास्त्रज्ञ बहीणच म्हणतात. बहिणीची वही पाहून आपली दुरुस्त करायची. तो नसला की फाटकी टोकं हाताला येतील तशी चिकटवली जातात, आणि मग तो सगळा चुराडा. ब्राका-1 बिघडलेल्या घराण्यातल्या गाठी बहुतेक वेळा ग्रेड 3 आणि तीन निगेटिव्ह का निघतात, ते तेव्हा कळलं.

प्रत्येकाकडं या तपासनिसाच्या दोन प्रती असतात. अम्मीला नानांकडून बिघडलेली एक मिळाली, दुसरी चांगली होती. त्या एकीवर तिची एकोणपन्नास वर्षं चालली. मग छातीतल्या कुठल्याशा एका पेशीत ती दुसरीही गेली.

अम्मीनं विचारलं, "पोरींनो, मी तुम्हांला दुधातून दिलं का?" आम्ही म्हटलं, "नाही अम्मी. दुधातून काही येत नाही." पण खरं उत्तर सोपं नव्हतं. आम्हां प्रत्येकीला ती प्रत मिळालेली असण्याची शक्यता निम्मी. नाणं उडवावं तशी. मुलगा असो की मुलगी, निम्मीच. नानांना काही झालं नाही, तरी त्यांनी ती पुढं दिली. सगळी गल्ली म्हणत होती, हे बायकांकडून येतं. आमच्याकडं ते एका पुरुषाकडून आलं होतं.

त्या वेळी छोटीच्या लग्नाची बोलणी चालू होती. अब्बा म्हणाले, विचारलं तर अल्सर सांगू. आम्ही म्हटलं, खालाजानचं पोटात पाणी सांगितलं होतं ना, म्हणून तर हे झालं. मुलाकडच्यांना खरं सांगितलं. रिश्ता मोडला. आमची कुणाचीही तपासणी तोवर झाली नव्हती. नुसत्या शंकेवर मोडला.

मग आमच्यात भांडण झालं. तपासायचं की नाही? ब्राका-1 ची बिघडलेली प्रत असलेल्या शंभर बायकांपैकी सुमारे सत्तर जणींना ऐंशी वर्षांच्या आत छातीचा कॅन्सर होतो, आणि बीजांडाचा धोकाही फार वाढतो. असलं कळून करायचं काय? एक म्हणाली, अल्लाहवर सोडा. दुसरी म्हणाली, तब्येतीची काळजी घेऊ नका असं अल्लाहनं कुठं सांगितलं? तिसरी गप्प होती. तिची भीती वेगळीच होती. आजवर आम्ही तिघी एक होतो. अम्मीची सेवा, रात्रीचे पहारे, रडणं, सगळं एकत्र. आता तीन लिफाफे येणार, आणि प्रत्येकीत वेगळं काही निघणार. कुणी सुटणार, कुणी अडकणार. सुटलेलीला हसू येईल का?

शेवटी तिघींनी एकाच दिवशी रक्त दिलं.

लिफाफे उघडले. आमच्यापैकी एकीकडं ती प्रत आहे. दोघींकडं नाही. कोणाकडं आहे ते आम्ही लिहिणार नाही. आमच्यातली एक शाळेत शिकवते, एक सासरी मोठ्या कुटुंबात आहे, एकीचं लग्न नंतर ठरलं आणि झालं. एकीच्या नावापुढं खूण केली की तिची लेकरं, तिची सासू, तिचा वर्ग, सगळे तिच्याकडं वेगळ्या नजरेनं पाहणार. म्हणून 'आम्ही'. या एका शब्दाचा पडदा तिच्यावर आम्ही तिघींनी मिळून धरला आहे. ज्या दोघी सुटल्या त्यांना हसू आलं नाही. पण तिघी मिळून हॉस्पिटलला जातो. दर वर्षी एम.आर.आय. आणि मॅमोग्राफी होते. बीजांडं काढून घ्यायची वेळ केव्हा, याचं डॉक्टरांशी बोलणं झालं आहे. हे ऑपरेशन मुलंबाळं झाल्यावर, पस्तीस-चाळिशीच्या दरम्यान करतात. अवघड निर्णय आहे, पण अंधारातला नाही.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी. जो तपासनीस नाही, तीच त्या पेशीची कमजोरी असते. तिला आपली फाटलेली पानं नीट सांधता येत नाहीत. म्हणून पानं फाडणारी काही औषधं तिला जास्त लागतात. 2005 साली संशोधकांनी दाखवून दिलं की ब्राका नसलेल्या पेशीची दुरुस्तीची दुसरी वाटही अडवली तर ती मरते, शेजारची चांगली पेशी मात्र जगते. त्यावर बेतलेल्या गोळ्या 2018 पासून छातीच्या कॅन्सरसाठीही वापरात आल्या. अम्मीच्या वेळी त्या नव्हत्या. अम्मी केमोवरच तरली. तिच्या जातीचा कॅन्सर उलटायचा तर बहुधा पहिल्या तीन ते पाच वर्षांत उलटतो. ती वर्षं आम्ही बोटांवर मोजून काढली. आज ती चुलीपाशी बसते आणि आमच्या पोरींना ओरडते.

आमचं वाचून कुणी घाबरून जाऊ नये. छातीच्या शंभर कॅन्सरांपैकी पाच ते दहाच असे वारशानं आलेले असतात. बाकीच्यांत तपासनीस जन्मानंतर, त्या एका गाठीपुरता बिघडतो. तो लेकीबाळींना जात नाही. पण गाठ वेळेवर दाखवणं सगळ्यांनाच लागू आहे. टाटा मेमोरियलनं 1998 पासून वीस वर्षं मुंबईत दीड लाखाहून जास्त बायकांवर एक पाहणी केली. साधं शिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी निम्म्या बायकांची छाती हातानं तपासत. 2021 साली निकाल छापून आले. त्या बायकांत गाठी लवकरच्या अवस्थेत सापडल्या, आणि पन्नाशीपुढच्या बायकांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांत मृत्यूंमध्ये तसा फरक दिसला नाही. यंत्र नव्हतं, बाईचा हात होता. आमच्या शाळेत पालकांच्या सभेनंतर दार लावून आता आम्ही बायकांशी बोलतो. आपल्या मोहल्ल्यात दार लावल्याशिवाय हे बोलता येत नाही, तर लावू. पण बोलू.

राहता राहिला भाईजान. तो कुवेतला असतो. आम्ही तिघींनी रक्त दिलं, त्यानं अजून दिलेलं नाही. म्हणतो, "हा बायकांचा रोग. मला काय त्याचं?" नानाही असंच म्हणाले असते. भाईजानला दोन मुली आहेत, थोरली आता दहा वर्षांची. यंदा तो रमजानच्या सुट्टीत येणार आहे. त्या झाडाचा कागद आम्ही जपून ठेवला आहे. त्याच्यासमोर तो उघडायचा आणि त्याच्या नावाचा कोरा चौकोन दाखवायचा, एवढं ठरलं आहे. त्याच्या खालची दोन छोटी वर्तुळं आम्ही स्वतःच पेन्सिलीनं काढली आहेत.